खारातल्या काकडीच्या कुरकुरीत चकत्या: बरणीपासून कढईपर्यंत

आधी एक घोळ मिटवू. लोणचं तळायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कैरीच्या फोडी, मोहरी-मेथीचा खार आणि वर तेलाचा तवंग येतो. ते लोणचं तळता येत नाही. फोडीवर तेल असल्याने पीठ धरत नाही, मसाला कढईत गळतो, करपतो आणि दोन घाण्यांत सगळं तेल काळं होतं. तळायला लागते ती मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये मुरलेली, तेलाचा थेंबही न लागलेली आंबट काकडी.

हा पदार्थ मूळचा अमेरिकेतला. अर्कान्सा राज्यातल्या अ‍ॅटकिन्स गावी लोणच्याचा कारखाना होता आणि त्याच्या समोरच बर्नेल ऑस्टिन यांचं खाण्याचं ठिकाण होतं. त्यांनी १९६३ मध्ये काकडीच्या आंबट चकत्या तळून विकायला काढल्या, तिथून तो पसरला. तिकडच्या दक्षिणेत या चकत्या बऱ्याचदा मक्याच्या जाडसर पिठात घोळवतात आणि काकडीला वास असतो शेपूचा. म्हणजे लागणारं सामान आपल्याला नवीन नाही. मका जळगाव-धुळे-नंदुरबारात पोत्यांनी पिकतो, दादर ही रब्बीची ज्वारी घरात असतेच, शेपूची जुडी भाजीबाजारात मिळते. नवीन आहे ती फक्त पद्धत, आणि त्या पद्धतीत सांभाळायची गोष्ट एकच, पाणी. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि खारवल्यावरही ते फारसं कमी होत नाही. पाणी आत राहिलं पाहिजे, पण पिठाच्या थरात येता कामा नये. पुढची बहुतेक कृती त्यासाठीच आहे.

गिलक्याची भजी आठवून पाहा. वरून कितीही छान असली तरी आतलं गिलकं मऊ लगदा होतं. कच्च्या काकडीचंही तेच होतं. खारवलेल्या काकडीचं होत नाही, कारण भाजीचा कडकपणा ज्या पेक्टिनमुळे टिकतो ते आंबट माध्यमात उष्णतेने सहज विरघळत नाही. म्हणून चांगली मुरलेली चकती दोन-अडीच मिनिटं तळूनही दाताखाली करकर वाजते. काकडी नीट आंबली नसेल तर पीठ कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही.

काकडी कोणती घ्यावी

कोवळी, टणक, बोटभर लांब आणि साडेतीन-चार सेंटीमीटर जाड. आडवी चिरल्यावर आत बियांचा पांढरा डोळा लहान दिसला पाहिजे. बिया पिकून मधे पोकळी झालेली गावरान काकडी कोशिंबिरीला ठेवा. तळताना तिचा मधला भाग निसटून कढईत पडतो आणि हातात नुसती बांगडी राहते. वाळूकही नको, त्यात पाणी जास्त आणि साल जाड. पहाटे तोडलेली काकडी त्याच दिवशी बरणीत गेली तर उत्तम. दोन दिवस टोपलीत पडलेली काकडी वरून ठीक दिसते, पण आतून पोकळ होऊ लागलेली असते.

कोवळी काकडी मिळालीच नाही तर तोंडली घ्या. बिया बारीक, अंग घट्ट आणि आकार लहान, त्यामुळे ती उभी दोन काप करून खारवता येतात. तळल्यावर काकडीपेक्षा कमी रसाळ लागतात, पण जमतात हमखास.

विकतची बरणी आणायची असेल तर 'गर्किन' नावाने मिळते. आपल्या देशात ही लहान काकडी कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशात करारावर पिकवतात आणि तिचा मोठा भाग निर्यात होतो. बरणीवरची घटकांची यादी मात्र वाचा. साखर वरच्या दोन-तीन नावांत असेल तर ती बरणी तळायच्या कामाची नाही. साखर भरभर तांबूस होते, त्यामुळे आवरण शिजायच्या आत कडा काळ्या पडतात.

पद्धत पहिली: मिठाच्या पाण्यात आंबवणे (थंडीसाठी)

ही मूळ पद्धत आणि चवीला सरस. पण खानदेशात ती बाराही महिने चालत नाही. काकडी साधारण १८ ते २२ अंशांत उत्तम आंबते. तीसच्या पुढे गेलं की आंबणं घाईघाईत होतं आणि काकडी मऊ पडते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा या पद्धतीच्या वाटेला जाऊ नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ यासाठी आहे. बरणी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, माठाजवळ किंवा मोरीलगतच्या भिंतीशी ठेवा.

एक किलो काकडीसाठी:

पाणी १ लिटर, उकळून पूर्ण गार केलेलं
खडा मीठ ४० ग्रॅम (हवा उबदार असेल तर ५० ग्रॅम)
लसूण १० पाकळ्या, ठेचलेल्या
शेपू, देठांसकट अर्धी जुडी
बाळंतशोपा २ चमचे
मोहरी १ चमचा, काळी मिरी १०-१२ दाणे
हिरव्या मिरच्या ३, चीर दिलेल्या
चहाची पूड १ चमचा, फडक्यात पुरचुंडी बांधून

मीठ वजनाने मोजा. खडा मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत बराच फरक पडतो, आणि इथे सगळं गणित मिठावर आहे. मीठ कमी पडलं तर काकडी सडते, फार झालं तर आंबणंच अडतं. बाळंतशोपा म्हणजे शेपूचंच बी. बाळंतिणीच्या खाण्यात असल्यामुळे किराणा दुकानात किंवा काष्ठौषधीवाल्याकडे मिळतो. अमेरिकन लोणच्याचा जो ठरावीक वास असतो तो पानांपेक्षा या बियांतून जास्त येतो. बडीशेप त्याऐवजी चालत नाही, ती गोडसर लागते.

चहापूड कशाला, असं वाटेल. चहात टॅनिन असतं आणि ते काकडी मऊ पाडणाऱ्या विकरांना आवर घालतं. बाहेरदेशी यासाठी द्राक्षाची पानं घालतात. आपल्याकडे नाशिककडून येणारी द्राक्षाची पानं फवारणीची असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे दारात स्वतःचा वेल असेल तरच ती वापरा.

आता काकड्या धुऊन तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवा. मग फुलाकडचं टोक दोन-तीन मिलिमीटर कापून टाका. हे विसरू नका. काकडी मऊ पाडणारी विकरं त्या टोकाशीच जास्त असतात, आणि बरणीभर काकड्या लिबलिबीत होण्यामागे बहुतेक वेळा हे न कापलेलं टोक असतं. फुलाचं टोक आणि देठाचं टोक यांत गोंधळ होत असेल तर दोन्ही कापा, काही बिघडत नाही.

तीन लिटरची काचेची किंवा चिनी मातीची बरणी गरम पाण्याने धुऊन कोरडी करा. तळाशी अर्धा मसाला आणि शेपू, मग उभ्या रचलेल्या काकड्या, वर उरलेला मसाला. मीठ विरघळवलेलं पाणी असं ओता की काकड्या दोन बोटं बुडतील. काकडी तरंगते आणि पाण्याबाहेर आलेल्या भागावर बुरशी धरते, म्हणून वर दाब हवा. बरणीत मावेल अशी काचेची वाटी उलटी ठेवा किंवा जाड पिशवीत तेच मिठाचं पाणी भरून ती पिशवी वर ठेवा. साधं पाणी भरू नका, पिशवी फुटली तर मिठाचं प्रमाण बिघडतं. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. खाली ताट ठेवायला विसरू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी उतू जातं.

दोन दिवसांत बुडबुडे दिसू लागतात, पाणी गढूळ होतं. गढूळ पाणी हे चांगलं लक्षण आहे. काकडीचा हिरवागार रंग जाऊन मेंदीसारखा मळकट हिरवा येतो आणि आतला पांढरा गर कडेपासून पारदर्शक होत जातो. थंडीत आठ ते बारा दिवस लागतात, दुपार तापू लागली असेल तर पाच ते सात. पाचव्या दिवसापासून रोज एक काकडी कापून पाहा. नुसती खायला जेवढी आंबट बरी वाटेल त्याहून थोडी जास्त आंबू द्या. वर पीठ आणि तेल आलं की आंबटपणा बराच झाकला जातो.

पाण्यावर पांढरी, सपाट, सायीसारखी परत आली तर चमच्याने काढून टाका, ती निरुपद्रवी असते. केसाळ, हिरवी-काळी किंवा गुलाबी बुरशी आली, काकडी बुळबुळीत झाली किंवा कुजका वास आला तर अख्खी बरणी टाकून द्या. वरची काढून खालची वापरू, हा हिशेब इथे करू नका.

झाल्यावर काकड्या त्याच पाण्यासकट फ्रिजमध्ये ठेवा. दोनेक महिने चांगल्या राहतात.

पद्धत दुसरी: व्हिनेगर आणि फ्रिज (उन्हाळ्यासाठी आणि घाईसाठी)

अर्धा किलो काकडीच्या ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. त्यांना १५ ग्रॅम मीठ चोळा, वर मूठभर बर्फ टाका आणि चाळणीत दीड तास ठेवा. खाली वाटीभर पाणी सुटेल. ते फेका, चकत्या पटकन एका पाण्याने खंगाळा आणि निथळू द्या. ही पायरी गाळून थेट व्हिनेगरमध्ये टाकलेली काकडी मऊ राहते आणि तिच्या पाण्याने व्हिनेगरही पातळ होतं.

३०० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर, १५० मिलिलिटर पाणी आणि १५ ग्रॅम मीठ एकदा उकळा, त्यात ठेचलेला लसूण, बाळंतशोपा, मोहरी, मिरी टाका आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम ओतलं तर चकत्या तिथेच शिजू लागतात. आपल्याकडचं साधं व्हिनेगर बहुधा ४ टक्के आम्लाचं असतं, परदेशी कृतींतलं ५ टक्क्यांचं. त्यामुळे तिकडच्या कृतीतलं 'निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर' हे माप इथे उचलू नका, फिकं पडेल. चकत्या बरणीत भरून वर गार मिश्रण ओता, फ्रिजमध्ये ठेवा. चोवीस तासांनी वापरता येतात, दोन दिवसांनी चांगल्या लागतात, तीन आठवड्यांत संपवा. ही बरणी फ्रिजबाहेर साठवायची नाही.

चिरणे आणि कोरडं करणे

आख्खी आंबवलेली काकडी तळायच्या तासभर आधी चिरा. जाडी चार ते पाच मिलिमीटर. तीन मिलिमीटरची चकती तेलात आक्रसते आणि नुसतं पीठ खाल्ल्यासारखं वाटतं. सात-आठ मिलिमीटरच्या चकतीत इतकं पाणी असतं की बाहेर काढल्यावर मिनिटभरात तिची वाफच आवरण मऊ करते. केळीच्या वेफर्ससाठी घरात नागमोडी पात्याची किसणी असेल तर ती लावा, खाचांत पीठ पक्कं बसतं. उभे लांब काप मात्र टाळा. दिसायला छान, पण सालीकडची बाजू गुळगुळीत असल्याने तिथलं आवरण हमखास सुटतं.

चव घेऊन पाहा. खारट लागली तर चकत्या गार पाण्यात दहा मिनिटं ठेवून काढा. पुढे पिठात मीठ घालायचं नाही हे लक्षात ठेवूनच ही चव घ्या.

आता सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम. सुती पंचा पसरा, त्यावर चकत्या एकेरी थरात मांडा, वर दुसरा पंचा टाकून तळहाताने दाबा. दहा मिनिटांनी उलटा, पुन्हा कोरड्या भागावर मांडा आणि पंख्याखाली वीस मिनिटं राहू द्या. बोट टेकवल्यावर गारवा जाणवावा पण बोट ओलं होऊ नये, इतपत. उन्हात नेऊ नका. खानदेशी उन्हात अर्ध्या तासात त्यांची सांडगी मिरचीसारखी वाळवण होईल आणि आतला रस जाईल, आणि तो रसच तर या पदार्थाची मजा आहे.

आवरण

इथे दोन रस्ते आहेत, पातळ पिठात बुडवणे किंवा तीन टप्प्यांत घोळवणे. आमचं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. भज्यासारखं बेसनाचं पीठ चालतं, पण ते पाणी धरून ठेवतं आणि पाच मिनिटांत मऊ पडतं. घोळवलेलं आवरण पंधरा-वीस मिनिटं कुरकुरीत राहतं.

एक शब्द आधी नीट लावून घेऊ. दुकानात 'कॉर्नफ्लोर' म्हणून मिळतं ते मक्याचं पीठ नव्हे, तो मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च असतो. मक्याचं पीठ पिवळं असतं. आपल्याला दोन्ही लागणार आहेत, वेगवेगळ्या कामाला. पिवळं पीठ गिरणीतून दळून आणत असाल तर बारीक रव्याएवढं जाडसर दळायला सांगा. आणि मका खाण्याचाच घ्या. पेरणीसाठी आणलेलं, रंग लावलेलं बियाणं औषध लावलेलं असतं. ते उरलं म्हणून गिरणीत नेणं म्हणजे सरळ विष खाणं.

कोरड्या केलेल्या ३०० ग्रॅम चकत्यांना, म्हणजे साधारण पन्नास-साठ नगांना:

पहिलं ताट: कॉर्नफ्लोर ४० ग्रॅम.

दुसरं भांडं: दाटसर थंडगार ताक १५० मिलिलिटर, त्यात बेसन ४० ग्रॅम गुठळी न ठेवता फेटून. मिश्रण चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरेल इतपत असावं.

तिसरं ताट: मक्याचं जाडसर पीठ ८० ग्रॅम, दादरचं पीठ ६० ग्रॅम, तांदळाचं पीठ ४० ग्रॅम, लाल तिखट दीड चमचा, सुक्या लसणाची पूड १ चमचा, जिरेपूड अर्धा चमचा, हळद पाव चमचा. तिखट नंदुरबारच्या मिरचीचं असेल तर रंगही येतो. मीठ नाही.

प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कॉर्नफ्लोर चकतीवरचा उरलासुरला ओलावा शोषून पुढच्या थराला पकड देतो. बेसन-ताक हे गोंद. तिसऱ्या ताटातला मका कणीदार खुसखुशीतपणा देतो, तांदूळ कडकपणा, आणि दादरच्या पिठात ग्लुटेन नसल्यामुळे ते चामट न होता ठिसूळ तळलं जातं. मात्र एकट्या दादरचं आवरण करू नका. तिला चिकटपणा नाही, तेलात निम्मी विखुरते. घरात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ असेल तर ते बेसनाऐवजी दुसऱ्या भांड्यात वापरून पाहा. त्यातला उडीद चांगला चिकट असतो. काही घरांत कळणं दळतानाच मीठ टाकतात, तेवढं तपासा.

खाण्याचा सोडा यात कुठेही नाही, हे मुद्दाम. सोडा आंबट चकतीशी लगेच भिडतो, आवरण फुगतं, त्यात भोकं पडतात आणि प्रत्येक भोक तेल पितं.

एका हाताने कोरडी कामं, दुसऱ्याने ओली, असं वाटून घ्या, नाहीतर बोटांनाच पिठाचे लाडू होतात. चकती कॉर्नफ्लोरमध्ये दोन्हीकडून घोळवा आणि झटका. ताकात बुडवून जास्तीचं गळू द्या. तिसऱ्या ताटात ठेवून वरून पीठ टाका आणि तळव्याने हलकेच दाबा. तयार चकत्या ताटात एकेरी मांडा, एकमेकांवर रचू नका. सगळं ताट दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. या वेळात कोरडं पीठ ओलावा ओढून चकतीला घट्ट बसतं. घोळवल्याबरोबर कढईत टाकलेल्या चकत्यांचं पीठ तळाशी जमतं आणि करपतं. पण अर्ध्या तासाहून जास्तही थांबू नका, मीठ आतलं पाणी बाहेर ओढू लागतं आणि आवरण ओलं होतं.

पातळ पिठाचाच रस्ता धरायचा असेल तर मैदा ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोर ४० ग्रॅम, तांदळाचं पीठ २० ग्रॅम आणि बर्फासारखा थंड साधा सोडावॉटर १३० ते १५० मिलिलिटर. तळायच्या क्षणी कालवा, चार-पाच वेळा फिरवून सोडून द्या, गुठळ्या राहिल्या तरी चालतील. फेटत बसलं की मैदा चिवट होतो. यातही चकत्या आधी कोरड्या कॉर्नफ्लोरमध्ये घोळवायच्याच.

तळणे

तेल रिफाइंड शेंगदाणा किंवा रिफाइंड सरकी. घाण्याचं शेंगदाणा तेल फोडणीला आणि खिचडीवर घ्यायला राखून ठेवा, या तापमानाला ते धुरावतं आणि त्याच्या वासात शेपूचा वास हरवतो. सरकीचं तेल मात्र रिफाइंडच हवं, कच्च्या सरकी तेलात खाण्यास अपायकारक गॉसिपॉल असतं. जाड बुडाच्या लोखंडी कढईत लिटरभर तेल घ्या, पाच-सहा सेंटीमीटर खोली मिळाली पाहिजे आणि कढई निम्म्याहून जास्त भरता कामा नये. ओलसर पदार्थ तळताना तेल चढतं.

तेल १८५ अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब सोडा. तो तळाशी जाऊन बसला तर तेल थंड आहे, टाकताक्षणी वरच तडतडून तांबूस झाला तर जास्त तापलं आहे. अर्ध्यापर्यंत बुडून लगेच वर आला तर योग्य. चकत्या एकेक करून तेलाच्या अगदी जवळून सोडा. एका घाण्यात आठ-दहा, जास्त नाही. थंड चकत्या पडल्यावर तेल १७० च्या आसपास उतरतं, ते १७५-१८० ला धरून ठेवा. पहिली ४० सेकंद झारा लावू नका, आवरण अजून कच्चं असतं. मग उलटा आणि एकूण दोन ते अडीच मिनिटं तळा.

केव्हा काढायचं ते कानाने कळतं. सुरुवातीला जोरात चरचर असते, ती पिठातलं पाणी निघत असल्याची. आवाज मंदावला आणि बुडबुडे बारीक झाले की काढा. नुसत्या रंगावर जाऊ नका. आंबट पदार्थ मुळातच उशिरा तांबूस होतो आणि आंबवलेल्या काकडीतली साखरही आंबताना खर्ची पडलेली असते. भज्याचा गडद रंग येईपर्यंत थांबलात तर चकतीतला रस जातो. फिकट सोनेरी पुरे.

काढल्यावर कागदावर टाकू नका. कागद तेल पितो खरा, पण खालची वाफ कोंडून तीच बाजू मऊ करतो. जाळीवर किंवा उलट्या ठेवलेल्या पोळीच्या चाळणीवर पसरा, खाली ताट. पाहुणे येणार असतील तर पहिल्यांदा दीड मिनिटच तळून जाळीवर ठेवा आणि वाढायच्या वेळी १९० अंशांवर ४० सेकंद पुन्हा तळा. दुसऱ्या तळणीने आवरण जास्त काळ टिकतं.

प्रत्येक दोन घाण्यांनंतर जाळीच्या झाऱ्याने गाळ काढा. उरलेल्या कण्या करपून पुढच्या चकत्यांना कडू चव देतात. मिठामुळे हे तेल साध्या भज्याच्या तेलापेक्षा लवकर उतरतं. गार झाल्यावर कपड्यातून गाळून आणखी एक-दोनदा वापरा, पण फेस येऊ लागला, घट्ट झालं किंवा लवकर धूर सोडू लागलं तर टाकून द्या. आणि कढईने कधी पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर ताट झाका. पाणी अजिबात नाही.

बिघडतं कुठे

आवरण सालीसारखं सुटून आलं तर कारण जवळजवळ नेहमी ओली चकती. तळताना आत वाफ होते आणि ती वाफ पिठाला ढकलून देते. पंख्याखालची वीस मिनिटं तुम्ही दहावर आणली असणार. चकती कोरडी असूनही सुटतंय, तर कॉर्नफ्लोरचा थर जाड झाला आहे, झटकायचं राहिलं.

आवरण तेलकट असेल तर तेल थंड होतं किंवा घाणा मोठा होता. बाहेरून तांबूस आणि आत पिठाचा कच्चा थर राहिला तर उलट, तेल जास्त तापलेलं. काढल्यावर चांगलं होतं आणि ताटात नेईपर्यंत मऊ झालं, अशी तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. त्यात चकत्या जाड, ढीग करून ठेवलेल्या किंवा डब्यात झाकलेल्या असतात. डबा हा कुरकुरीत पदार्थाचा वैरी.

तेल उडत असेल तर चकतीत पाणी आहे. दोन-तीनदा उडालं तर थांबा, उरलेल्या चकत्या पुन्हा पंचावर घ्या. चकती आतून पोकळ, नुसती साल राहिली तर काकडी जून होती, त्याला कढईत उपाय नाही.

मिरची आणि बाकीचे

हीच कृती भावनगरी मिरचीला फार शोभते. व्हिनेगरच्या पद्धतीने दोन दिवस मुरवा, मग दोन सेंटीमीटरच्या रिंगा कापून बिया झटका. आख्खी मिरची तळायची असेल तर पोटात उभी चीर देऊन आतलं पाणी पूर्ण निथळवा. पोटात चमचाभर खार राहिला तरी ती तेलात फुटते आणि हात भाजतो. गाजराच्या चकत्या तीन मिलिमीटरच्या हव्यात. कांद्याच्या रिंगा छान होतात, पण त्यातली साखर लवकर तांबूस होते म्हणून तेल १७० वरच ठेवा. लिंबू तळू नका, साल कडू होते.

एअर फ्रायरमध्ये करायचं असेल तर घोळवलेल्या चकत्यांवर तेलाचा नीट फवारा मारा, २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मधे एकदा उलटून. तेल लागलं नाही तिथे पीठ पांढरं, कोरडं राहतं. कढईची सर येत नाही, पण खाण्याजोग्या होतात. घोळवलेल्या चकत्या ताटात सुट्या गोठवून मग पिशवीत भरल्या तर महिनाभर राहतात. त्या न वितळवता थेट १७५ अंशांच्या तेलात सोडा, तीन ते साडेतीन मिनिटं लागतील.

सोबत काय? अमेरिकेत ताक-सायीचं, हिरव्या पानांचं दाट डिप असतं. आपल्याकडे त्याचं काम चक्का करतो. वाटीभर चक्क्यात एक चमचा हिरव्या मिरचीचा ठेचा, बारीक चिरलेला शेपू आणि दोन चमचे दाण्याचं कूट घाला. मीठ शेवटी, चव पाहून, कारण चकत्या खारट आहेत. आणि रात्री खिचडी असेल तर वर घाण्याचं तेल, बाजूला पापडाऐवजी या चकत्या. खिचडीचं ताट वाढून झाल्यावरच शेवटचा घाणा टाका.